पूर्वेच्या पात्रावरची शीळ

माझी वहिनी नोर्जिन आणि मी वाळवंटातल्या एजिन नदीकाठच्या उद्यानात झाडं-पाखरं बघायचं काम करतो. जंगलाला कुंपण पडलं, आमच्या उंटांची चराई बंद झाली, तेव्हा ही नोकरी मिळाली. कुठल्या पॉपलरला पालवी फुटली, कुठलं झाऊचं झुडूप वाळलं, कुठल्या ढोलीत कोणी घर केलं, ते बघून कचेरीत कळवायचं.

त्याच्या आधीच माझा भाऊ चोइजिल नाहीसा झाला होता. वसंतातल्या पिवळ्या धुळीच्या वादळात चुकलेली सांडणी शोधायला गेला. सांडणी आपली आपण परतली, तो आला नाही. तो उत्तरेला, तळ्याकडेच गेला असणार, असं नोर्जिन ठामपणे म्हणाली. सगळे नातेवाईक तिकडे शोधत राहिले. काही सापडलं नाही. तेव्हापासून ती संध्याकाळी खाऱ्या चहाचं आधण ठेवते आणि दाराकडे पाठ करून बसते.

गेल्या वसंतात आम्हाला नदीचं पूर्वेचं पात्र बघायला दिलं. वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं. आता वरच्या धरणातून पाणी सोडल्यामुळे वाळूतून झाऊची रोपं वर आली होती. नोर्जिन वाकून ती बघत होती, आणि शीळ ऐकू आली. दोन आखूड, मग एक लांब, शेवटी खाली उतरत गेलेली. ही शीळ चोइजिल उंटांसाठी घालत नसे. घर जवळ आलं, चहा टाक, एवढंच सांगायला घालायचा.

मी म्हटलं, वारा असेल.

"वाऱ्याला चहा हवाय का?" नोर्जिन म्हणाली.

वठलेल्या पॉपलरच्या ढोलीशी एक ठिपकेवाली काळी मैना बसली होती. गळ्याची पिसं फुलवून तिनं पुन्हा तीच शीळ घातली. मला हायसं वाटून हसू आलं. ही पाखरं आमच्या जीपच्या हॉर्नचीसुद्धा नक्कल करतात. पण नोर्जिन ढोलीखाली जाऊन उभी राहिली.

"ही कुठं शिकली गं? आपलं घर इथून किती लांब. ही पाखरं तर दरसाल याच झाडांवर येतात, एकमेकांचं ऐकून शिकतात."

नोर्जिन जुन्या काठाकडे बघू लागली.

"तो इथं होता. बरेच दिवस शीळ घालत होता. घर जवळच आहे असं वाटलं असेल त्याला. आणि मी सगळ्यांना उत्तरेला धाडलं."

दुसऱ्या दिवशी भाऊबंद फावडी घेऊन आले. जुन्या काठाखाली, झाऊभोवती साचलेल्या वाळूच्या ढिगाऱ्यात त्याचे बूट सापडले, पट्टा सापडला, आणि तो. नडगीचं हाड मोडलेलं होतं. लामानं येऊन मंत्र म्हटले, आम्ही त्याला अंत्यविधीसाठी टेकडीवर नेलं. उद्यानाच्या साहेबांनी नोर्जिनला दुसरा भाग देऊ केला. तिनं नको म्हटलं.

काही दिवसांनी मी चिखलाचा गोळा घेऊन त्या झाडाशी गेले. नोर्जिन आधीच तिथं बसली होती.

"बुजवूया ही ढोली, वहिनी. मला नाही ऐकवत."

"पिल्लं आहेत आत."

"मग तीही हेच शिकतील."

"शिकू देत."

तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली. नर चोचीत अळी धरून आला, फांदीवर जरासा थांबला आणि आत शिरला. मी हातातला चिखल पात्रात टाकून दिला आणि तिच्या शेजारी बसले.