कंपनी बदलली, असं मी सांगितलं

माझ्या बायकोचं सगळं अंग दुखायचं. आमच्या सौंदडला धानाच्या रोवणीच्या दिवसांत कोणाचं दुखत नाही? त्यामुळे तिचं दुखणं कोणी वेगळं धरलंच नाही. पण धान कापणीला आलं तरी ते थांबेना. लुगड्याचा काठ खांद्याला घासला तरी ती कळवळायची. गावात सुया टोचून झाल्या, दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात आग पडू लागली. शेवटी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. म्हणाल्या, "सूज नाही, हाडं ठीक आहेत, पण दुखणं खरं आहे. नेहमीच्या पेनकिलरचा यात फारसा उपयोग नाही." त्यांनी झोपण्याआधी घ्यायची एक बारकी गोळी दिली. अमिट्रिप्टिलीन, अगदी कमी डोसची.

तोंड कोरडं पडतं म्हणायची, पण तिला झोप लागू लागली. सकाळी उठून आपणच चहा ठेवू लागली.

गोळ्या संपल्या तेव्हा मी कोहमाऱ्याच्या चौकात औषधं आणायला गेलो. माझं टायरचं दुकान त्याच चौकात, सगळे ओळखीचे. औषधवाला चिठ्ठी बघून चारचौघांत म्हणाला, "काकाजी, ये तो डिप्रेशन की गोली है. काकूचं डोकं सटकलं का?" बाकावरचा ट्रकवाला हसला. धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. आई पागल आहे, एवढं एक वाक्य त्या चौकातून पाहुण्यांपर्यंत जायला कितीसा वेळ लागणार! "आमची नाही जी, शेजाऱ्याची आहे," मी म्हणालो, आणि तशाच दिसणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतल्या. घरी सांगितलं, कंपनी बदलली.

थोड्याच दिवसांत झोप गेली, दुखणं परतलं.

"आवो, ह्या गोळ्यानं काईच होऊन नाई राहिलं."

"पहिले बरं वाटलं तोबी मनाचाच खेळ असंल तुह्या."

गोळी बदलली त्यापेक्षा हे बोललो ते मला जास्त टोचतं. तिनं ते खरं मानलं. डॉक्टरीणबाईंनाही तिनं तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे ही लागू पडली नाही. दुसरी बघू." मी शेजारी बसून गप्प राहिलो.

दुसरी होती प्रीगॅबालिन. कोणाला ती मानवते, हिला नाही मानवली. पाय सुजले, चक्कर येऊ लागली आणि एकदा विहिरीच्या पायरीवर ती पडली. कपाळाला टाके पडले. पुढच्या खेपेला बाई तिसऱ्या औषधाचं बोलू लागल्या, तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. तिच्यासमोरच सगळं सांगितलं.

बायकोनं विचारलं, "मंग तवा मले बरं वाटत होतं, ते खरंच होतं?"

"होतं."

"काऊन केलं जी असं?"

मी लग्नाचं सांगितलं.

"लोकं पागल म्हनतील म्हनून तुमीच मले पागल बनवलं!"

डिप्रेशनची म्हणतात तीच गोळी कमी डोसमध्ये अशा दुखण्यावर देतात, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी ती पुन्हा सुरू केली. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण बरेचसे दिवस ती उठते, अंगणात फिरते. गोळ्या आता स्वतः सडक अर्जुनीला जाऊन आणते. माझ्या हातून घेत नाही.

हिला कोणतंच औषध लागू पडत नाही, सगळे मनाचे खेळ, असं सुना आणि जावई अजून म्हणतात. त्यांना खरं काय ते सांग, असं मी म्हटलं तर ती म्हणते, "मी कायले सांगू? तुमचं तुमी सांगा." म्हणून हे लिहिलं. उद्या त्यांना वाचून दाखवणार आहे, तिला शेजारी बसवून.