रफिकची चिलटं

आखातात, अल क्वोजच्या कामगार कॅम्पातल्या त्या खोलीत एकाच दुमजली खाटेवर दोन उलटे धंदे झोपायचे. वर समाधान, पेस्ट कंट्रोलवाला. किडे मारायचा पगार घ्यायचा. खाली रत्नागिरीकडचा रफिक; किडे वाढवायचा. त्याच्या खाटेखाली पिकल्या केळ्यांच्या बरण्या आणि त्यांत चिलटं.

"रफिकभाई, माझ्या कंपनीला कळलं तर मला हाकलतील," समाधान म्हणायचा.

"आणि मी तुझ्याखाली झोपतो हे कळलं तर मला," रफिक म्हणायचा.

रफिक काचेखालच्या एका बंदिस्त जंगलात पक्षी सांभाळतो. त्यातला एक मुठीएवढा काळा माशीमार मूळचा कुठल्याशा उष्ण बेटांवरच्या रानातला, बाकी जगात कुठेच नाही. नखरे मात्र नवाबाचे. ताटलीतल्या अळीकडे बघणार नाही, उडता किडा हवेत पकडून खाणार. तिथल्या कॅफेवाल्यांना चिलटं चालेनात, म्हणून बरण्या खोलीवर आल्या.

जानेवारीत गावाहून फोन आला. रफिकची आई जुलेखाबी गेली, मगरीबआधी, म्हणजे दिवस मावळायच्या आत दफन. विमान मिळालं तरी पोचणार नव्हताच. "खलास," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला आणि बरणीत केळं कुस्करलं. डोळ्यांत टिपूस नाही.

आमचे अलीमियाँ शिंपी कापडापेक्षा माणसंच जास्त कापतात. त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या कॅम्पला सांगून टाकलं, "पोरगा दगड आहे."

रविवारी लोक भेटायला येणार होते. खोली जरा नीट दिसावी म्हणून समाधाननं पहाटे उठून झाडलं, पुसलं आणि हातासरशी किड्यांचं औषधही फवारलं. रफिक अंघोळ करून आला, बरण्या उचलल्या. चिलटं तळाशी पडलेली. एवढासा पक्षी, दुपारपर्यंत उपाशी राहिला तर मान टाकेल. त्यानं पिशव्या घेतल्या, टॅक्सी धरली आणि थेट रास अल खोरचं फळमार्केट गाठलं.

इकडे पाहुणे जमले. अलीमियाँ टिश्यूचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. ज्याला रडवायचं तोच गायब.

रफिक तीन वाजता परतला.

"कुठे होतास रे? आई गेलीय तुझी," अलीमियाँ म्हणाले.

"सडक्या केळ्यांवरची चिलटं धरत होतो, चाचा. मग कामावर गेलो. अकरा खाल्ली त्यानं. जगला."

अलीमियाँनी जुलेखाबीच्या नावानं फातिहा पढला. रफिकनं हात उचलले. केळ्याचा आंबूस वास खोलीभर पसरला. आमीन म्हणून तो वर समाधानकडे वळला.

"तुझ्या औषधाचा असर किती दिवस राहतो?"

"पंधरा," समाधान खाली बघत म्हणाला.

"मग चाचा, पंधरा दिवस बरण्या तुमच्या दुकानात ठेवतो."

अलीमियाँकडे त्या आठवड्यात नवरीचे दोन शरारे शिवायला होते. टिश्यूचा डबा त्यांनी हळूच खाटेवर ठेवला.

"ठेव," ते म्हणाले. "मशीनपासून जरा लांब ठेव."