अंगठा, आरसा आणि नवस

"मॅडम, हा काटा किती दिवसांपासून आहे?" सौंसरच्या डॉक्टरांनी विचारलं.

"कोणता काटा?" मी म्हटलं.

सुजलेला अंगठा दाखवायला गेले होते. त्यांनी त्यातून बाभळीचा काटा ओढून काढला, तरी मी हूं की चूं केलं नाही. मला माझ्या धीटपणाचं कौतुक वाटलं. डॉक्टरांना वाटलं नाही. "डायबेटिक न्यूरोपॅथी," ते म्हणाले. म्हणजे साखरेमुळे पायांच्या नसा बधिर होतात, लागलेलं कळतच नाही. आत पू झाला होता. पसरला तर अंगठा काढावा लागणार होता.

तशी सूचना मला आधी मिळाली होती. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी पायांच्या काळजीचा छापील कागद दिला होता. तो मी फाइलमध्ये नीट लावून ठेवला. आमचे सौंसरचे डॉक्टर दर वेळी "गोड कमी करा" म्हणत, मी "हो" म्हणे, आणि दोघंही सुटल्यासारखे हसत असू. चप्पल काढून तळवा मात्र मी कुणाला दाखवला नाही, स्वतःही पाहिला नाही.

ड्रेसिंगला नर्स होती पुष्पा, मी शाळेत शिकवत होते तेव्हाची चौथीतली माझी विद्यार्थिनी. दर सोमवारी मी वर्गाची नखं तपासायची. तिने माझी पट्टी बऱ्याचदा खाल्ली आहे.

"मॅडम, दुसराही पाय दाखवा. रोज तळवे पायता का?"

"वाकता येत नाही गं."

दुसऱ्या दिवशी तिने हातात छोटा आरसा ठेवला. "खाली ठेवा अन् वरतून पाय धरा. उद्या मी इचारीन."

ती विचारणार म्हणून मी पाहू लागले. माझ्या शिस्तीचं गुपित एवढंच आहे.

तीन आठवडे फार घाबरले होते. त्या भीतीत नवस बोलले, अंगठा वाचला तर जामसांवलीच्या मारुतीला अनवाणी चालत येईन. अंगठा वाचला! मी पुष्पाला मोठ्या ऐटीत नवस सांगितला. तिने कात्री खाली ठेवली.

"मॅडम, मारुतीनं अंगठा वाचवला, अन् तुमी त्याले पुन्हा काट्यावर घेऊन चालल्या?"

असले प्रश्न आजवर मी विचारत आले होते.

शनिवारी मोजे-बूट घालून गेले. मारुतीरायाची माफी मागितली, बाहेर पायरीवर बसले, मोजे उतरवले आणि पर्समधून आरसा काढला.

"काय पाहून राहिल्या जी?" शेजारच्या बाईंनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"साखर तं मलेही हाये. द्या बरं इकडं." त्यांनी तळवा पाहिला. टाचेला भेग होती, त्यातून रक्त आलेलं होतं. त्यांना पत्ताच नव्हता.

त्यांना म्हटलं, आजच दवाखान्यात पाय दाखवा. आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरी कुणाला साखर असेल, तर आज त्यांचे तळवे बघा.

आरसा मी त्यांनाच दिला, आणि त्यांचा फोन नंबर घेतला.

"नंबर कायले?" त्या म्हणाल्या.

"उद्या मी विचारीन."