न मोजलेल्या भाकऱ्या

रंगनाथरावांच्या डाव्या अंगठ्याची जखम दीड महिना झाला तरी भरत नव्हती, आणि सुशीलाबाईंच्या जिवाला घोर लागला होता. घोर लागेल नाही तर काय! थोरले दीर, अप्पा, गावाकडे परभणीला साखरेच्या आजारापायी असाच एक पाय गमावून बसले होते. त्यांचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. रंगनाथराव वाघोलीच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे. पाय गेला तर पुढे काय? रोज सकाळी पट्टी सोडताना त्या आधी डोळे मिटायच्या, मग धीर करून बघायच्या.

बरं, पथ्यात हयगय म्हणाल तर तीही नव्हती. लेकीनं, सृष्टीनं, मोबाईलवरून ग्लायसेमिक इंडेक्सची यादी काढून दिली होती. मोठ्या आकड्याचं सगळं बाईंनी घराबाहेर काढलं. भात गेला, पाव गेला, बिचारं कलिंगडसुद्धा गेलं. ज्वारीचा आकडा त्या मानानं बरा निघाला. मग काय, दोन्ही वेळेला भाकरी, तव्यावरून थेट ताटात. गोळ्या चालू, पथ्य चालू, तरी साखर दर वेळी चढलेलीच.

रंगनाथरावांना सुट्टी मिळेना, म्हणून रिपोर्ट घेऊन बाई एकट्याच खराडीला आहारतज्ज्ञांकडे गेल्या. शेफाली मॅडम म्हणाल्या, यादी चुकीची नाही, पण अर्धीच आहे. साखर किती झपाट्यानं चढते एवढंच हा आकडा सांगतो. एकूण किती चढणार, ते ताटात किती वाढलं त्यावर. त्याला लोड म्हणतात, म्हणजे भार. कलिंगडाच्या दोन फोडींत पाणीच जास्त, त्यांचा भार थोडा. मग त्यांनी साधंच विचारलं, "एका जेवणाला भाकऱ्या किती होतात त्यांच्या?"

बाईंना सांगता येईना. त्यांच्या घरात भाकऱ्या मोजत नसत. खाणाऱ्याच्या भाकऱ्या मोजल्या की त्याचं अन्न तुटतं, असं सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. एकोणतीस वर्षांत बाईंनी मनातसुद्धा मोजल्या नव्हत्या. मॅडमनी कागदावर लिहून दिलं: एका वेळी दोन, पातळ, सोबत उसळ आणि पालेभाजी.

घरी येईपर्यंत बाईंची भीती दुप्पट झाली होती. मोजावं तर सासूबाईंचा शब्द मोडतो, न मोजावं तर अप्पांचा पाय डोळ्यांपुढे येतो.

संध्याकाळी रंगनाथराव जेवायला बसले. पट्टी बांधलेला पाय त्यांनी पुढे पसरला होता. बाईंनी पहिली भाकरी वाढली, मग दुसरी. ती संपली तसा त्यांनी सवयीनं टोपल्याकडे हात केला. आपण तोंडानं काही अभद्र बोलतोय असंच त्यांना वाटलं, पण त्या बोलल्या.

"अहो, दोन झाल्या."

रंगनाथरावांचा हात तिथंच थांबला. आता हे चिडणार, ताटावरून उठणार, या धास्तीनं बाईंनी पदर मुठीत आवळला होता.

"मोजत जा," ते हळूच म्हणाले. "आईनं अप्पाच्या कधी मोजल्या नाहीत."

बाईंनी टोपल्यावर झाकण ठेवलं आणि त्यांच्या वाटीत आणखी उसळ वाढली.