पिवळं न पडलेलं मीडियम

प्रयोगशाळेत सगळे तिला काकू म्हणतात. एकोणतीस वर्षं काकू पेशींना जेवायला घालते. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात काढलेल्या गाठीचा तुकडा येतो, तो बारीक करून फ्लास्कमध्ये वाढवायचा आणि त्यावरचं लाल-गुलाबी पोषक द्रव, म्हणजे मीडियम, दर तिसऱ्या दिवशी बदलायचं, हे तिचं काम. घरी नणंद टोमणा मारते, "आमच्या भावाला कधी इतक्या वेळेवर वाढलं नाहीस." काकू म्हणते, "तो मागून घेतो. यांना तोंड नाही."

तोंड नसलं तरी रंग असतो. भरपूर साखर खाणाऱ्या पेशी आम्ल सोडतात आणि मीडियम पिवळं पडत जातं. दारातूनच काकू सांगते, कोणाचं पोट भरलंय आणि कोण उपाशी आहे.

त्या सोमवारी एक फ्लास्क गुलाबीच होता. तिने तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तळाला चिकटून असायला हव्यात त्या पेशी सुटून तरंगत होत्या. तिने फ्रिज उघडला. शुक्रवारी तो तिनेच पुसला होता आणि बाटल्या परत लावताना वरच्या फळीवरची खाली गेली होती, खालची वर. वरच्या फळीवर आता बिनसाखरेच्या मीडियमची बाटली होती. त्यानंतर या एकाच फ्लास्कचं मीडियम बदललं होतं, आणि हात सवयीने वर गेला होता. लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही, हे तिने आजवर वीस जणांना शिकवलं होतं.

फ्लास्क पीएचडी करणाऱ्या मुलीचा होता. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी आजार उलटलेल्या एका बाईने लेखी संमती देऊन हा तुकडा दिला होता. ती बाई आता हयात नव्हती, तुकडा पुन्हा मिळणार नव्हता. मुलीचं सगळं काम त्यावर उभं होतं.

कोणी पाहिलं नव्हतं. तीनातला एक नमुना तसाही धरत नाही, वाढायच्या आत मरतो. 'धरला नाही' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मुलगी डबा ठेवत होती तोवर काकूने सांगून टाकलं.

"काकू, तुम्ही?"

"मीच. बिनसाखरेचं घातलं. तीन दिवस झाले."

मुलगी फ्लास्क उचलून बेसिनकडे निघाली. तरंगतं ते मेलेलं, ओतून टाकायचं, असा तिथला शिरस्ता. काकू आडवी आली.

"थांब. आधी निळा रंग घालून बघ."

"कशाला? मेल्यात त्या."

"मेलेली पेशी फाटक्या पोत्यासारखी दिसते. यात काही गोल गोळे आहेत, कडा कशा कातरल्यासारख्या. माझी नजर फसली म्हण, पण बघ."

निळा रंग मेलेल्या पेशीत शिरतो, जिवंत पेशी तो आत घेत नाही. थेंबभर घालून मुलगी भिंगाला डोळा लावून बसली. बहुतेक सगळं निळं झालं होतं. मधे पाच-सहा गोळे मात्र कोरे होते.

ते गोळे त्यांनी अलगद वेगळे केले, पेशी चिकटू न देणाऱ्या ताटलीत टाकले आणि साखरेचं मीडियम घातलं. बाटलीचं लेबल काकूने मोठ्याने वाचलं. मुलीला हसू आलं, पण ते तिने दाबलं.

मुलीने तिला समजावलं ते काकूला आधीपासून थोडं ठाऊक होतं: गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. बऱ्याच जणी अधाशासारखी साखर खातात. थोड्या बियाण्यासारख्या असतात. साखर तुटली तर दुसऱ्या इंधनावर तग धरत असाव्यात, आणि उपचारानंतर आजार उलटतो तो त्यांच्यापायी, असा संशय आहे.

"म्हणजे सासुरवाशिणी," काकू म्हणाली. "वाढलं नाही तरी जगतात."

"आणि मग घर ताब्यात घेतात," मुलगी म्हणाली.

अकराव्या दिवशी गोळे दुप्पट झाले. नमुना वाचला. मुलीच्या मार्गदर्शक मॅडमनी बातमी थंडपणे ऐकली. एका चुकीतून काही सिद्ध होत नाही, म्हणाल्या. दुसऱ्या बायकांच्या नमुन्यांतल्या पेशी मुद्दाम उपाशी ठेवून हेच तीनदा करा. त्यांनी तीनदा केलं. दोनदा गोळे उरले, एकदा काहीच उरलं नाही.

मुलीने अहवालाचा मसुदा काकूला वाचायला दिला. पहिल्या नमुन्यापुढे लिहिलं होतं: 'पेशी तीन दिवस साखरेविना ठेवण्यात आल्या.'

"ठेवण्यात आल्या नाहीत," काकू म्हणाली. "राहिल्या. चुकून, असं लिही."

"तुमचं नाव कुठे येतंय त्यात? कशाला उगाच."

"नाव नको घालूस. पण उद्या कोणी हे वाचून करायला बसेल. पहिल्या वेळी आपण मोजमाप करून ठेवलं होतं असं त्याला वाटायला नको. किती तासांनी काय झालं, आपल्याला कुठे माहीत आहे?"

मुलीने वाक्य खोडलं. 'चुकून' लिहिलं, आणि पुढे कंसात, शुक्रवार ते सोमवार, नेमके तास माहीत नाहीत.

काकूने पुन्हा एकदा वाचून कागद परत दिला. "आता बरोबर आहे," ती म्हणाली.