तुटक्या पाकळीची बुट्टी

रिसोडच्या बाजारात जैतुनबी बायांच्या तोंडाकडे आधी पाहत नसे, डोक्याकडे पाहत असे. ओढणी घेतलेली बाई समोरून आली की तिची नजर कापडावर जाई आणि शेजारून जाताना ती ओढणीचं टोक हळूच बोटांत धरून बघे. नवख्या बाया बिचकत. ओळखीच्या म्हणत, "पाहा वो जैतुनबी, पाहून घ्या. चोळीबी दाखवू काय?"

ती एक बुट्टी शोधत असे. लाल जमिनीवर काळी, पाच पाकळ्यांची, आणि त्यातली एक पाकळी अर्धीच. तिच्या नवऱ्याच्या, चांदच्या ठशाची ती खूण होती. एकदा ठसा हातातून निसटून दगडावर पडला आणि पाकळीचा कपचा उडाला. नवा कोरून घ्यायचा तर बुऱ्हाणपूरचा रस्ता धरावा लागे. चांद म्हणाला, "पाकळ्या कोण मोजते?" आणि तोच ठसा चालवत राहिला. खरोखरच कोणी मोजल्या नाहीत. ती तुटकी पाकळी जैतुनबीच्या तेवढी लक्षात राहिली.

चांद छिपा होता, कापडावर हातानं छपाई करणारा. घरामागे एका माठात गंजलेलं लोखंड, गूळ आणि पाणी आंबत पडलेलं असे. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या पिवळट कापडावर त्या पाण्याचा ठसा बसला की बघता बघता काळं उमटे. मग जमिनीला तुरटी आणि त्यावर आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांचा लाल रंग. छापायचं काम चांदचं, धुवायचं जैतुनबीचं. पैनगंगेत गुडघाभर पाण्यात उभी राहून ती लांबच लांब कापड प्रवाहात सोडी, आणि जास्तीचा रंग तिच्या पायांवरून वाहून जाई.

चांदला आपल्या काळ्याचा फार अभिमान. दुसरे छिपे लोखंडाचं पाणी गाळून पातळ करून घेत. हा दाटच वापरी.

"इतकं लोहं कायले घालता?" जैतुनबी म्हणे. "कापड चरचर करून राह्यलं."

"कापड जाईन तवा जाईन, काळं नाई जाणार. घे, घास जोर लावून."

ती घासून पाही. काळं जात नसे. चांद मग दिवसभर शीळ घालत काम करी, आणि हरल्याचं तिला वाईट वाटत नसे.

पुढे गिरणीची छीट बाजारात आली. फुलं बारीक, रंग तऱ्हेतऱ्हेचे, आणि हातछपाईपेक्षा स्वस्त. चांदकडची कामं आटत गेली. मुंबईच्या एका गिरणीत छपाईचं खातं आहे असं त्यानं कुठंतरी ऐकलं. काम दाखवायला हवेत म्हणून सगळे ठसे त्यानं पासोडीत बांधून घेतले आणि वाशीमच्या रस्त्यानं निघाला. "शिरपूरच्या जत्रेच्या आत येतो," म्हणाला. पहिल्या वर्षी कोणी सांगितलं की तो परळकडे दिसला होता. पुढच्या वर्षी त्याच माणसानं सांगितलं की तो चांद नसावा, तसाच दिसणारा दुसरा कोणी असावा. मग सांगणारेही राहिले नाहीत.

तो गेल्यावर जैतुनबीच्या एक गोष्ट ध्यानात आली. घरात चांदच्या हातचं कापड नव्हतंच. छिप्याच्या घरी चांगलं निघालं ते बाजारात जातं आणि बिघडलं ते रंगाचे हात पुसायला जातं. पेटी उपसून, माळा झाडून तिला काही सापडलं नाही. चांदच्या साऱ्या बुट्ट्या दुसऱ्या बायांच्या डोक्यांवर होत्या. त्या बघायच्या तर बाजारात जावं लागे.

ठसे नसल्यामुळे तिला छापता येत नव्हतं. विटलेली कापडं पुन्हा लाल रंगवून देणं आणि छापील कपडे धुऊन देणं, यावर तिचं चाले. चांदची ओढणी दिसली की मात्र ती त्या बाईला सोडत नसे. रस्त्यातच तिला धुवायचं कसं ते सांगत बसे. सज्जीखार लावायचा नाही, तो रंग ओरबाडतो. रिठ्याच्या फेसात, थंड पाण्यात, हातानं दाबून धुवायचं. छाप दगडावर आपटायचा नाही. पिळायचं नाही. उलटं करून सावलीत वाळवायचं. ताक सांडलं तर तिथल्या तिथं धुवायचं, आंबट लागलं की काळं उडतं. ओली घडी पेटीत घालायची नाही, आणि कोरडी असली तरी अधूनमधून उकलून घडी दुसरीकडून मोडायची, नाहीतर कापड घडीवरच चिरतं.

बाजारात ती बसे त्याच्या शेजारीच जानरावाचं गिरणीच्या कापडाचं पाल असे. तो ऐकून ऐकून कंटाळला होता.

"जैतुनबी, तू छिप्याची बायको ना?"

"व्हय."

"मंग असं शिकवून राह्यली काहून? बाईनं ओढणी लवकर फाडली तर नवी घेईन ना. तुया धंद्यात माहाबी धंदा बुडून राह्यला."

"तुमची छीट धुवायची कशी तेबी सांगू काय?"

"तिले धुवाच लागत नाई," जानराव म्हणाला. "पयल्याच पाण्यात पांढरी होते."

स्वतःच्याच मालाला हसणारा माणूस म्हणून तिला जानराव बरा वाटे. पण खरं कारण तिनं त्यालाही सांगितलं नाही. ओढणी जितकी वर्षं टिकेल, तितकी वर्षं ती बुट्टी बाजारात दिसेल, एवढाच तिचा हिशेब होता.

तरी कापड ते कापड. ओढणी विरली की तिची लेकराची झबली होत, झबली विरली की गोधडीचे तुकडे. एखाद्या अंगणात वाळणाऱ्या गोधडीवर तिला अर्धी बुट्टी दिसे आणि ती उगाच पाणी मागायला थांबे. मोठं युद्ध सुरू झालं तोवर बाजारात चांदची एकच ओढणी उरली होती. ती जवळच्या तांड्यावरच्या रुपाबाईची. रुपाबाईनं ती आपल्या लग्नात घेतली होती आणि तीज, होळी अशा सणालाच ती पेटीतून बाहेर निघे. दर सणानंतर जैतुनबी ती मागून घेई, पैसे न घेता धुई आणि कडुनिंबाचा पाला घालून परत करी. रुपाबाई म्हणे, "माया नवऱ्यानं इतकी काळजी केली असती तर मी अजून जवान राह्यली असती."

युद्धाच्या दिवसांतल्या एका होळीनंतर जैतुनबी ती ओढणी घेऊन नदीवर गेली. नेहमीसारखं रिठ्याचं पाणी, हलका हात. फेस धुवायला तिनं कापड प्रवाहात सोडलं, तर काळे कण पाण्यावर तरंगत निघाले. रंग सुटला असं तिला वाटलं. तिनं ओढणी उचलून धरली. रंग नव्हे, कापडच सुटलं होतं. जिथं जिथं बुट्टी होती तिथं बुट्टीएवढं भोक होतं. लाल जमीन मात्र जशीच्या तशी, घट्ट.

रसायन शिकलेल्याला याचं कारण सांगता येतं. लोखंडाचा अंश धाग्यात राहिला की हवा आणि ओल यांच्या मदतीनं तो कापसाला वर्षानुवर्षं आतून कुरतडत राहतो. तुरटीवरचा लाल रंग तसं करत नाही. काळं जितकं दाट, तितकं कापड लवकर जातं. जैतुनबीला रसायन ठाऊक नव्हतं, पण चरचर करणारं कापड तिच्या बोटांना आठवत होतं. इतकी वर्षं ती ज्या काळ्याला जपत होती, तेच काळं ओढणी खात होतं.

ती घरी आली. सगळ्या गावाला सावलीत वाळवा म्हणून सांगणाऱ्या जैतुनबीनं त्या दिवशी ओढणी अंगणातल्या दोरीवर भर उन्हात टाकली आणि पायरीवर बसून राहिली. आता सांभाळायचं काय उरलं होतं?

दोरीखाली तिनं सकाळी एक पांढरं धोतर जमिनीवर पसरून वाळत घातलं होतं. थोड्या वेळानं तिची नजर त्यावर गेली. धोतरावर ओढणीची सावली पडली होती आणि सावलीत उन्हाच्या बुट्ट्या उमटल्या होत्या. पाच पाकळ्यांच्या. प्रत्येकीची एक पाकळी अर्धी. वारा आला की साऱ्या बुट्ट्या हलत आणि परत जागेवर येत. ऊन कलेपर्यंत ती तिथून उठली नाही.

दुसऱ्या दिवशी रुपाबाई ओढणी न्यायला आली. जैतुनबीनं काही न लपवता ती तिच्या पुढ्यात पसरली.

रुपाबाईनं एका भोकात बोट घालून पाहिलं. "पाखरानं टिपल्यावानी झालं वो," ती म्हणाली. मग म्हणाली, "पोरीच्या लग्नात मी तिच्या डोक्यावर हेच टाकणार होती."

"माया हातानं नाई फाटली, रुपाबाई. त्याच्या काळ्यानं खाल्ली."

"तुया हाताले मी कायले नाव ठेवू? पण मले बुट्टी पाह्यजे, भोकं नाई. हे तूच ठेव आता. तुया नवऱ्याच्या हातचं हाय ना."

इतकी वर्षं जे हवं होतं ते असं एकाएकी जैतुनबीच्या मांडीवर येऊन पडलं. पेटीत ठेवलं असतं तर ती ओढणी जन्मभर तिची होती. पण आदल्या दिवशीच्या उन्हानं तिला दुसरी वाट दाखवली होती, आणि त्या वाटेनं जायचं तर ओढणी कापावी लागणार होती. ती घडी घालत राहिली, उकलत राहिली. शेवटी म्हणाली, "लग्न कवा हाय?"

"अक्षय्य तृतीयेच्या अंगानं."

"साधं कापड आणून दे. कोष्ट्याचं आण, गिरणीचं नोको."

रुपाबाई गेल्यावर तिनं कात्री काढली. बुट्ट्यांची भोकं धड असलेला तुकडा तिनं कापला, चिंचोक्याच्या खळीत बुडवून जुन्या चाळणीच्या लाकडी कड्यावर ताणून बसवला आणि लाल भागावर पातळ मेण फिरवलं, म्हणजे रंग फक्त भोकांतूनच खाली उतरेल. पुन्हा आंबवलेल्या लोखंडाच्या पाण्यात डिंक घालून ते चिकट केलं. नव्या कापडावर चाळणी ठेवून वरून त्या पाण्यात भिजवलेला चिंधीचा बोळा दाबला. पहिल्या खेपेला सगळं पसरलं. बोळा कोरडा करत करत अखेर एक बुट्टी स्वच्छ आली. तुटक्या पाकळीसकट. तिनं तिच्यावर बोट ठेवलं आणि बोट काळं झालं.

पण डिंक घालण्याआधी साधं पाणी मिसळून तिनं त्यातलं लोखंड कमी केलं होतं. चांदच्या माठाएवढं दाट करून पाहायचा मोह तिला झाला, नाही असं नाही. तसं केलं असतं तर बुट्टी हुबेहूब त्याची दिसली असती, आणि रुपाबाईच्या लेकीच्या ओढणीलाही एक दिवस भोकं पडली असती.

छापून, लाल रंगवून तयार झालेली ओढणी पाहून रुपाबाई म्हणाली, "हे काळं नाई वो. जांभळट हाय."

"जांभळट हाय. पण टिकन."

"अना हे पाकळी? भोक कात्रीनं मोठं केलं असतं तर पुरी झाली असती ना."

"झाली असती," जैतुनबी म्हणाली, आणि कापडाची घडी घालायला लागली.

लग्नानंतर तांड्यावरच्या आणखी बाया कापड घेऊन आल्या. युद्धामुळे दुकानात कापड मिळेनासं झालं होतं. जानराव तर रिकाम्या पालात बसून तिची गिऱ्हाइकं मोजी. जैतुनबी कोणाला नाही म्हणाली नाही. दर छपाईला चाळणीवरचा तुकडा काठाकाठानं फाटे, की ती ओढणीतून दुसरा कापी. ओढणी केवढी असते? मग एक दिवस शेवटचा तुकडाही बोळ्याखाली गेला. त्याच्या लाल चिंध्या तिनं रंगाचे हात पुसायला ठेवल्या.

त्यानंतरच्या बाजारात रुपाबाईची लेक नवी ओढणी घेऊन आली होती. जैतुनबीनं तिचं टोक बोटांत धरलं.

"धुतली काय?"

"एकदा धुतली, मावशी. रिठ्यानं."

"वाळवली कुठं?"

"सावलीत. मायनं सांगतलं."

जानराव पालातून म्हणाला, "सोड वो तिले. बाजार करू दे. ओढणी कुठं पळून नाई जात."

"माहीत हाय," जैतुनबी म्हणाली. पण तिनं लगेच सोडलं नाही. अंगठ्यानं तिनं बुट्टीच्या पाकळ्या एकेक चाचपल्या, अर्धीपाशी येऊन थांबली, आणि मग पोरीला जाऊ दिलं. गर्दीत ते लाल कापड दिसेनासं होईपर्यंत ती वाशीमच्या रस्त्याकडे तोंड करून उभी होती.