मिस्त्रींनी न प्यालेली दारू

मिस्त्रींच्या बायकोनं आयुष्यात नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. दागिना नको, बंगला नको; एकदा शुद्धीवर या आणि "चुकलं माझं" म्हणा, बास! पण मिस्त्री कसले ऐकतायत! सुतारकामात हात धरणारा कोणी नाही, आणि बाटलीतही नाही. समोरचं ताट तसंच सरकवून द्यायचं आणि पीत बसायचं, असा वर्षानुवर्षांचा संसार.

शेवटी एकदा ते कारखान्यातच कोसळले. दवाखान्यातून घरी आले ते दारू कायमची सुटूनच. बाईंना वाटलं, सुटले बाई एकदाची. पण दात आहेत तर चणे नाहीत, त्यातली गत. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, पोटात अन्नाऐवजी दारूच जात राहिली, मेंदूला लागणारं जीवनसत्त्व मिळालं नाही, त्यामुळे आठवणी गेल्या. लग्नानंतरची पहिली, दारू लागण्याआधीची काही वर्षं तेवढी शाबूत, पुढचं सगळं साफ. मधल्या रिकाम्या जागेत ते मनचं काहीतरी भरतील आणि तेच खरं धरून चालतील. खोटं बोलतायत असं समजू नका.

तर आता घरात कोण, तर लग्नाच्या वेळचा तो गोड, थट्टेखोर माणूस. पायाला बधिरपणा आलेला, भिंतीचा आधार घेत चालायचा. पण रंधा दिला की हात अजून सरळ चालायचा. बाई शिलाई मशीनवर बसल्या की म्हणायचा, "दमलीस का गं? टेक जरा." हे ऐकायला त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. ऐकून बरं वाटायचं आणि जीवही तुटायचा.

एका दुपारी मिस्त्री कपाटाच्या फुटक्या दाराला नवी फळी बसवत होते. दार त्यांनीच लाथ घालून फोडलेलं, पण ते त्यांना कुठलं आठवायला!

"दार फोडणारा हा राक्षस कोण गं?" त्यांनी विचारलं.

बाईंनी मशीन थांबवलं. "होता एक याच घरात. प्यायचा."

"आणि तू राहिलीस त्याच्याबरोबर?"

"आज ना उद्या ताळ्यावर येईल, म्हणून."

"मग? आला?"

"आला."

"माफी मागितली की नाही तुझी?"

"नाही अजून."

मिस्त्रींनी पटाशी खाली ठेवली. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "चुकलं गं त्याचं. त्याच्या वतीनं मी सांगतो."

बाई उठून जवळ आल्या. "त्याचं नको. 'चुकलं माझं' म्हणा. एकदाच म्हणा, पुन्हा काही मागणार नाही."

मिस्त्रींनी त्यांचा हात हातात घेतला आणि लाडानं थोपटला.

"तू म्हणशील ते करीन. पण अगं, मी जन्मात थेंबाला शिवलेलो नाही. तुझ्याशी खोटं कसं बोलू?"